दार लागलं का?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते, पण दिवा असू दे. भीती वाटते म्हणून नव्हे. ही गोष्ट सांगताना समोरच्याचा चेहरा दिसलेला मला बरा वाटतो.

चौदा माणसांसाठी हॉटेल शोधायचं काम माझ्या गळ्यात पडलं, याचं घरात कुणालाच नवल वाटलं नाही. मी शाळेचं वेळापत्रक लावते. कुठले सर कितव्या तासाला कुठल्या वर्गात हे जिला जमतं, तिला बाकीचं जगही लावता येतं, असा आमच्याकडे समज आहे. घरात मला हवालदार म्हणतात. तोंडावर म्हणतात, म्हणून रागवत नाही. आम्ही चार भावंडं, चौघांचे संसार आणि आई, असे सगळे मिळून चार दिवस त्या मोठ्या थीम पार्कला जायचं ठरत होतं. मुलांना उंचावरून खाली फेकणारे पाळणे हवे होते. आईला विचारलं तेव्हा ती म्हणाली, मला त्या बुटक्या आगगाडीत बसायचंय.

आता बाबांबद्दल सांगायला हवं, त्याशिवाय पुढचं कळायचं नाही. बाबा सुतार होते, पण टेबल-खुर्च्यांच्या वाटेला कधी गेले नाहीत. जन्मभर त्यांनी दारं बसवली. चौकट उभी करायची, बिजागऱ्या ठोकायच्या, दार चढवायचं, कडेला रंधा मारून ते अलगद बसतंय का बघायचं. दुसऱ्याच्या घरी गेले तरी हात स्वस्थ बसत नसे. तळहात सपाट ठेवून दार हळूच रेटायचे आणि मग अंगठ्याने एकदा ठोकायचे. माझ्या सासरी पहिल्यांदा आले तेव्हा पाण्याचा पेला हातात घेण्याआधी त्यांनी चार दारं दाबून पाहिली होती. सासरे अजून चेष्टा करतात, व्याही आले की दारं सांभाळा म्हणून.

रात्री निजण्याआधी ते घरातलं एकेक दार असंच दाबत यायचे. आई अंथरुणातून विचारायची, "दार लागलं का?" ते म्हणायचे, "लागलं. झोप." बस, एवढंच. पन्नास वर्षं रोज. आम्हा मुलांचे डोळेसुद्धा त्या दोन शब्दांवर मिटायचे.

बाबा गेले आणि आईचं विसरणं सुरू झालं. आधी चष्मा, मग किल्ल्या, मग कालचा दिवस. दाराचा प्रश्न मात्र ती विसरली नाही. मी "लागलं, आई" म्हटलं की म्हणायची, तुला कोण विचारतंय? आणि स्वतः उठायची. दार लागलंय का बघायला ती दार उघडायची, आणि उघडल्यावर कशाला उघडलं ते विसरून रस्त्याला लागायची. एकदा पहाटे पेपरवाल्याने तिला चौकातून हाताला धरून आणली. एकदा उलटंच झालं. तिने आपल्या खोलीला आतून कडी लावली आणि ती काढायची कशी ते तिला आठवेना. दीड तास आम्ही बाहेरून समजावतोय, ती आतून रडतेय. शेवटी दादा खिडकीतून आत शिरला आणि त्याच दिवशी त्याने ती कडी दारावरून काढून टाकली. नंतर बराच वेळ तो चार स्क्रू मुठीत धरून पायरीवर बसला होता.

त्याच सुमाराला डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, की सगळ्यांनी एकत्र भेटायचं असेल तर या वर्षी भेटून घ्या. पुढच्या वर्षी त्या चेहरे ओळखतील याची खात्री नाही.

दादाचं म्हणणं वेगळं पडलं. नव्या जागी आई पहिल्याच रात्री निघून जाईल, तिथे तळी आहेत, गर्दी आहे, रस्ते अनोळखी. तिला घरीच सांभाळणाऱ्या बाईंजवळ ठेवू, चार दिवसांचा तर प्रश्न. मी त्याला नाही नाही ते बोलले. ज्या आईसाठी जायचं तिलाच मागे ठेवून चौदातले तेरा जाणार, मग हवालदारानेही घरी बसलेलं काय वाईट, असंही म्हणाले.

दादा म्हणाला, "तिला झोप लागेल अशी जागा शोध. स्वतः बघून ये. तू हो म्हणालीस तर मी तिला खांद्यावर घेऊन येईन."

म्हणून एका बुधवारी मी एकटीच गेले, शाळेला सुट्टी टाकून, वही घेऊन. सकाळपासून दोन हॉटेलं बघून झाली. पहिलं पार्कच्या फाटकालाच लागून होतं. दिवसभर भोंग्यावर गाणी, भिंतीवर डोळे वटारलेले हत्ती. खोलीचं दार कार्डाने उघडायचं आणि आपोआप मिटायचं. आई एकदा बाहेर पडली की दार तिच्या तोंडावर बंद. दुसऱ्यात खोलीसमोरच पोहण्याचा तलाव होता, आणि मॅनेजर मला त्याचीच कौतुकं सांगत होता. वहीत दोन्हींवर काट मारली. दुपार झाली, पाय दुखायला लागले, आणि दादाला फोन करून तू म्हणतोस तेच खरं असं सांगायची वेळ आली असं वाटू लागलं. वाटेत एका बाकावर बसून मी थोडी रडलेसुद्धा.

तिसरं हॉटेल पार्कच्या मागच्या अंगाला, गाड्या लावायच्या मैदानापलीकडे होतं. साधं, तीन मजली. मोसम नव्हता, त्यामुळे सगळं सामसूम. काउंटरवरच्या माणसाने खोल्या दाखवायला हाउसकीपिंगच्या बाईंना बोलावलं. त्या उंच, किडकिडीत, कमरेला जुडगा लटकवलेला. खऱ्या किल्ल्या बघून माझा जीव जरा भांड्यात पडला. दुसऱ्या मजल्यावर आम्ही लांबच लांब बोळातून चालत गेलो. खाली जाड गालिचा, पावलांचा आवाज गिळून टाकणारा. दूर पार्कातल्या रोलर कोस्टरवरून माणसांची किंकाळी यायची, मग शांतता, मग ठरावीक वेळाने पुन्हा तशीच किंकाळी. चार मिनिटांनी एक, हे मी घड्याळावर पाहिलं. सवयच तशी.

खोली चांगली होती. खिडकीला गज, न्हाणीघरात धरायला दांडा, पलंग बुटका. आणि मधल्या भिंतीत शेजारच्या खोलीत जायचं दार. अशी दारं तुम्ही पाहिली असतील. ती दिसायला एक, पण असतात दोन, पाठीला पाठ लावून. या खोलीच्या दाराची कडी या खोलीत, त्या खोलीच्या दाराची कडी त्या खोलीत. दोन्हीकडून उघडल्याशिवाय वाट होत नाही. या खोलीत मी आणि आई, पलीकडे दादा. मध्ये सगळं उघडं ठेवलं तर आईची हालचाल दोघांना ऐकू येईल. वहीत पहिल्यांदाच काट मारायचा हात थांबला.

बाईंना म्हटलं, पलीकडची खोलीही बघू. त्यांनी जुडगा चाळला. ती किल्ली खाली काउंटरवर राहिली होती. आणते, आणि पलीकडूनच दार उघडते, असं सांगून त्या गेल्या.

मी आमच्या बाजूची कडी काढली, दार उघडलं. समोर पलीकडचं दार, बंद. माझ्याकडच्या अंगाला त्याला कडी नाही, मूठ नाही, नुसती गुळगुळीत फळी. त्या दोन दारांच्या मधल्या ओंजळभर जागेत वास होता. ताजा रंधा मारलेल्या लाकडाचा. मला वाटलं, हॉटेलात कुठेतरी काम चालू असेल. तो वास मला लहानपणापासून आवडतो, म्हणून मी जरा पुढे होऊन उभी राहिले.

तेवढ्यात पलीकडून कुणीतरी ते दार हलकेच रेटलं. लाकूड चौकटीत बसल्याचा बारीक आवाज आला, आणि मागोमाग एक ठोका.

बाई आल्या असं मला वाटलं. आता आवाज पलीकडे कितपत जातो ते बघून घ्यावं, म्हणून मी काहीतरी बोलायला गेले. दुसरं काही सुचलं नाही. आई विचारते तसंच, तिच्याच सुरात विचारलं.

"दार लागलं का?"

"लागलं," पलीकडून आलं. थोडं थांबून, हळू... "झोप."

मी हसले. खरंच हसले आधी. बाई चेष्टेखोर आहेत म्हटलं. मग माझ्या लक्षात आलं की पुढचा शब्द मी बाईंना सांगितलेला नव्हता. तो माझ्या बापाचा होता, आणि आवाज बायकी नव्हता. खोल होता, थोडा घोगरा, तोंडात खिळे धरून बोलणाऱ्या माणसाचा. मी किंकाळीची वाट बघू लागले. चार मिनिटं होऊन गेली होती. पार्कातून काहीच येत नव्हतं.

"ताई..."

मी दचकून मागे वळले. बाई बोळातल्या दारात उभ्या होत्या, धापा टाकत. लिफ्ट अडकली म्हणून जिना चढून आल्या होत्या. शेजारच्या खोलीची किल्ली त्यांच्या हातात होती.

आम्ही बोळातून जाऊन ती खोली उघडली. पडदे ओढलेले. चादरीला सुरकुती नाही. गालिच्यावर व्हॅक्यूम फिरवल्याचे सरळ पट्टे उमटलेले होते, दारापासून भिंतीपर्यंत, आणि त्यांच्यावर एकही पाऊल नव्हतं. मधल्या दाराला कडी होती. मी बाईंना विचारलं, कुठे लाकूडकाम चाललंय का. त्या म्हणाल्या, वर्षभरात नाही. सोमवारपासून इथे माणूस नाही. मग माझ्याकडे बघून त्यांनी मला खुर्चीत बसवलं आणि पाणी आणून दिलं. पसंत पडली नाही का, असं हळूच विचारलं.

खरं सांगू? मी घाबरले होते. आणि त्याच वेळी मला इतकं बरं वाटत होतं की पाण्याचा पेला तसाच हातात राहिला. तीन वर्षं मी तो आवाज आठवायचा प्रयत्न करत होते आणि तो मला आठवत नव्हता, हे मी कुणालाही सांगितलेलं नव्हतं. बापाची भीती वाटावी का माणसाला? वाटते. ती नाही असं मी म्हणणार नाही. पण खुर्चीतून उठले ती सरळ खाली गेले आणि काउंटरवरच्या माणसाला म्हटलं, सहा खोल्या, त्यातल्या या दोन नक्की. दादाला फोन केला. नुसतं "हो" म्हणाले.

आणि आम्ही गेलो, चौदाच्या चौदा. वहीत वेळापत्रक होतं, ते पहिल्याच दिवशी नातवंडांनी निकालात काढलं. आई बुटक्या आगगाडीत सहा वेळा बसली. गाडी वळण घेऊन आली की फलाटावर उभ्या असलेल्या आम्हा प्रत्येकाला ती नावाने हाक मारायची, धाकट्या जावयापर्यंत, एकही न चुकता. सहाव्या खेपेला दादा तोंड फिरवून दुसरीकडे बघत राहिला. त्याचे खांदे हलताना मी पाहिले, आणि त्याला बोललेले सगळे शब्द मला परत घ्यावेसे वाटले.

रात्रीचं काय, असं तुमच्या मनात आलं असेल. रात्री आई झोपली. चारही रात्री. अंथरुणात पडल्यावर एकदाच विचारायची, दार लागलं का. क्षणभर थांबायची. मग "बरं" म्हणून कूस बदलायची. मला काही ऐकू येत नव्हतं. मी आमच्या बाजूचं मधलं दार सताड उघडं ठेवायचे. पलीकडचं मात्र बंद असायचं. दादाने लावून घेतलं असेल, दमला असेल, म्हणून मी काही बोलले नाही. मनात थोडी नाराज होते.

तिसऱ्या दिवशी दुपारी ऊन फार होतं. बाकीचे घसरगुंड्यांवर गेले, मी आईला घेऊन खोलीवर आले. शेजारच्या खोलीची किल्ली दादाच्या खिशात, म्हणजे पार्कात. आई आडवी झाली. दूरची किंकाळी आली, विरली. मी घड्याळ बघितलं, उगाच.

"दार लागलं का?" आई म्हणाली.

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं. तिने हात वर केला.

"थांब... त्यांना बोलू दे."

मी थांबले. पंख्याची पाती फिरत होती. लाकडाचा तो वास खोलीत हळूहळू आला, कुणी भुसा झटकत शेजारून जावं तसा. मी कान लावून लावून ऐकलं. काही नाही. आईचा चेहरा मात्र सैल झाला, कपाळावरची आठी गेली.

"बरं," ती म्हणाली. आणि भिंतीकडच्या बाजूला थोडी जागा सोडून झोपली. घरी असताना ती बाबांसाठी सोडायची, तेवढीच.

मला त्या वेळी हेवा वाटला. आवाज मला ऐकवून बोलावून घेतलं आणि आता बोलायचं ते तिच्याशीच. मुलीच्या जातीला हे चालायचंच, असं स्वतःला समजावलं.

निघायच्या दिवशी सकाळी अकराला खोल्या सोडायच्या होत्या. दादा बॅगा उचलायला आमच्या खोलीत आला. बॅग उचलता उचलता सहज म्हणाला, "आमच्या बाजूचं दार मी रोज रात्री उघडं ठेवत होतो गं. आई उठली तर कळावं म्हणून. सकाळी कडी लावलेली असायची. तू लावायचीस ना? झोपू दे म्हणून?"

कडी त्याच्या खोलीत होती. ती लावायला हात त्याच्या खोलीत हवा. हे त्याच्याही लक्षात येईल, आज नाही तर घरी गेल्यावर, एखाद्या दिवशी अंघोळ करताना. मी "हो" म्हटलं. तू दमला होतास, म्हटलं. तो दोन बॅगा घेऊन खाली गेला. त्याच्या खोलीची किल्ली त्याने आधीच काउंटरवर दिली होती.

मी आईला चपला घालायला दिल्या. तिने त्या घातल्या, पिशवी काखेत घेतली आणि दरवाजाकडे यायच्या ऐवजी मधल्या दाराशी गेली. पलीकडचं दार बंद होतं. त्या गुळगुळीत फळीवर तिने तळहात सपाट ठेवला.

"येते हं मी," ती म्हणाली.

घरातून निघताना आपण कुणीही हेच म्हणतो. जाते म्हणत नाही. मी जन्मात हजारदा म्हटलं असेल. आणि मागे राहणारा काय म्हणतो तेही सगळ्यांना माहीत आहे.

"सावकाश ये," पलीकडून आलं.

या वेळी मलाही ऐकू आलं. तो आवाज दमलेला नव्हता, रागावलेला नव्हता, त्याला कसली घाई नव्हती. आई हसली. नव्या नवरीसारखं नव्हे, आपल्या माणसाचं नेहमीचं बोलणं ऐकून बाई हसते तशी. मग माझा हात धरून म्हणाली, चल, खाली पोरं खोळंबली असतील.

त्याला आता दोन वर्षं झाली. डॉक्टर म्हणाले होते तसंच झालं. आई मला "बाई" म्हणते. दादाला बघून कधी कधी उठून उभी राहते, पाहुणा आला असं समजून. पण दाराचं ती परत विचारत नाही. रात्री शांत झोपते. चपला मात्र पलंगाशी नीट जोडून ठेवते, दाराकडे तोंड करून. मी त्या रोज उचलून कोपऱ्यात ठेवते, आणि सकाळी बघावं तर जिथल्या तिथे.

काल दुपारी तिच्या खोलीतून रंधा मारलेल्या लाकडाचा वास आला. दार लोटलं तर उघडेना. अडकलं नव्हतं. आतून कडी घातली की दार जसं घट्ट बसतं तसं बसलं होतं. मी हाक मारली नाही. तिथेच जमिनीवर बसले, फळीला पाठ लावून, आणि काय म्हणायचं ते माहीत नसल्यामुळे मनातल्या मनात एकच म्हणत राहिले, सावकाश म्हणाला होतात, बाबा. थोड्या वेळाने पुन्हा लोटलं तेव्हा दार अलगद उघडलं. आई भिंतीकडे जागा सोडून गाढ झोपली होती. श्वास संथ चालला होता. मी तो मोजला.

बाहेर येताना दार मागे ओढून घेतलं. कडीच्या जागी स्क्रूची चार भोकं तेवढी आहेत, दादाने ती काढली तेव्हापासूनची. त्यांच्या बरोबर खाली, फरशीवर, चिमूटभर ताजा भुसा पडला होता.